ट्यूबलेस हवाच, पण स्टेपनीही हवी

दोन वर्षांपूर्वी श्रावणात गाडी सर्व्हिसिंगला दिली होती. संध्याकाळी आणायला गेलो तेव्हा मेकॅनिकने मला आत बोलावलं, मागच्या डाव्या चाकापाशी खाली बसवलं आणि बोट ठेवून दाखवलं. टायरच्या नक्षीत दोन खाचांच्या बरोबर मधे एक चकचकीत ठिपका होता. खिळ्याचं डोकं. रस्त्यावर घासून घासून ते जुन्या नाण्यासारखं गुळगुळीत झालं होतं. "हा आजचा नाही साहेब, महिना तरी झाला असेल," तो म्हणाला. गेज लावला तर हवा १९ पीएसआय. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर ३३ लिहिलेलं आहे.

मी तिथेच दिवस मोजायला लागलो. त्या महिन्यात पुण्याहून कराडला दोनदा जाऊन आलो होतो. एका फेरीला आई आणि दोन्ही मुलं मागच्या सीटवर होती, डिकीत तांदळाचं पोतं होतं. परत येताना खंबाटकीचा बोगदा संपला की उतारावर ते एस वळण लागतं. तिथे किती अपघात झालेत ते या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्या वळणावरून मी माझी सगळी माणसं घेऊन अर्ध्या हवेच्या चाकावर उतरलो होतो आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

मेकॅनिकने टायर रिमवरून उतरवला आणि उलटा करून आपटला. आतून काळी भुकटी पडली, चमचाभर तरी असेल. कमी हवेवर चाक फिरत राहिलं की टायरची बगल, म्हणजे बाजूची भिंत, दर फेऱ्याला दुमडते, तापते आणि आतून झिजते. ही भुकटी म्हणजे त्या बगलेचं रबर. पंक्चर काढून तो टायर पुन्हा चढवता आला असता, बाहेरून तो अगदी नवा दिसत होता. पण मेकॅनिक म्हणाला, हा आता भंगारात. मी ऐकलं.

ट्यूबच्या टायरने असं महिनाभर चालूच दिलं नसतं. खिळा ट्यूबमध्ये घुसला की ट्यूब चिरते, हवा ट्यूब आणि टायर यांच्या मधल्या फटीत येते आणि व्हॉल्व्हच्या भोकातून, स्पोकच्या निपलांतून भसकन बाहेर पडते. थोड्याच वेळात चाक बसतं आणि गाडी तुम्हाला उतरायला लावते. ट्यूबलेसमध्ये हवा धरून ठेवायचं काम टायर स्वतः करतो. त्याच्या आतल्या अंगाला ब्यूटाइल जातीच्या रबराचा थर असतो, त्याची कड रिमच्या कडेवर घट्ट बसलेली असते आणि खिळा घुसला तर रबर त्याला चहूबाजूंनी आवळून धरतं. मग हवा जाते ती खिळ्याच्या अंगाअंगाने, कणाकणाने. हा ट्यूबलेसचा सर्वांत मोठा गुण आहे, आणि त्यातला धोकाही नेमका इथेच आहे. ट्यूबच्या वेळी पंक्चर आरडाओरडा करत यायचं. आता ते गुपचूप येतं आणि चाकात मुक्काम करतं.

हे वाचून कुणी म्हणेल, मग ट्यूबच बरी होती. अजिबात नाही. दुचाकीवाल्याने तर हा विचारही मनात आणू नये. माझ्या लहानपणी वडिलांकडे स्कूटर होती. मी पुढे उभा, आई साडी सावरत मागे एका बाजूला बसलेली, तिच्या मांडीवर धाकटी बहीण. सातारा रोडला मागचं चाक एकदम बसलं आणि स्कूटर शेपूट हलवावी तशी डावी-उजवी हलायला लागली. वडिलांनी ती कशी सावरली ते त्यांनाच माहीत. मागून एसटी येत होती. तिच्या ड्रायव्हरने वेळेवर ब्रेक मारला म्हणून आम्ही चौघं राहिलो. दोन चाकांवरच्या माणसाला एका चाकातली हवा एका क्षणात गेली तर तोल सावरायला काहीच उरत नाही. तीच हवा दोन तासांत गेली तर हँडल जड लागतं, मागचं अंग लिबलिबीत होतं, आणि बाजूला घ्यायला वेळ मिळतो. दुचाकीला ट्यूबलेस हवं याला एवढं एक कारण पुरेसं आहे.

म्हणूनच एक गैरसमज इथेच दूर करायला हवा, कारण शोरूममध्ये तो कुणी दूर करत नाही. टायरच्या बगलेवर 'ट्यूबलेस' लिहिलेलं असलं म्हणजे चाक ट्यूबलेस झालं असं नाही. तारांच्या चाकात रिमला प्रत्येक स्पोकसाठी भोक असतं, त्यामुळे नेहमीच्या स्पोकच्या रिममध्ये हवा राहूच शकत नाही, आत ट्यूब घालावीच लागते. हवाबंद स्पोकची चाकं आता काही मोटरसायकलींवर येऊ लागली आहेत, पण ती वेगळी मागावी लागतात आणि महाग पडतात. जुन्या धाटणीची देखणी मोटरसायकल घेऊन लडाखला निघालेला पोरगा टायरवरचं अक्षर वाचून निर्धास्त असतो, आणि आत ट्यूब असते. पंक्चर काढायची पट्टी जवळ घेतो, तिचा उपयोग शून्य. त्याला चाक खोलायची हत्यारं, जादा ट्यूब आणि पंप न्यायला हवा होता.

आता गावाकडची बाजू. माझा मावसभाऊ सांगोल्याकडे राहतो. शेताकडे जाणाऱ्या पाणंदीच्या दोन्ही अंगांना वेडी बाभूळ माजलेली आहे. तिचा काटा दोन-दोन इंच लांब, आणि सुकला की तारेसारखा टणक. त्याच्या मोटरसायकलला ट्यूब होती तेव्हा आठवड्याला एक पंक्चर ठरलेलं. ट्यूबलेस आल्यापासून काटा टायरमध्येच मोडतो, टोक आत राहतं, चार दिवसांत हवा कमी होते, तो पंपाने भरतो, पुन्हा चालवतो. त्याला हे फार सोयीचं वाटतं आणि त्याचं चूक नाही. पण मागच्या उन्हाळ्यात हवा इतकी उतरली की बांधावरून चढवताना टायरची कड रिमवरून सुटली. ट्यूबलेसची कड एकदा सुटली की हातपंपाने किंवा पायपंपाने ती परत बसत नाही. कॉम्प्रेसरने एकदम जोराची हवा मारावी लागते, तेव्हा कुठे 'फट' असा आवाज होऊन कड जागेवर जाते. गावातल्या पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसर होता, वीज नव्हती. भारनियमनाची वेळ. गाडी छोट्या हत्तीत टाकून सांगोल्याला न्यावी लागली. ट्यूब असती तर त्याच पंक्चरवाल्याने अर्ध्या तासात ठिगळ लावून दिलं असतं. शहरात बसून ट्यूबलेसचे गोडवे गाताना हा फरक डोळ्यांआड होतो. शहरात कोपऱ्याकोपऱ्यावर हवा आहे, तिथे नाही.

खड्ड्यांची गोष्ट शहर-गाव दोन्हीकडे सारखीच. टायरची बगल खड्ड्याची धार आणि रिम यांच्या कात्रीत सापडली की उभी चीर पडते. तिला ठिगळ लागत नाही आणि लावूही नये, कारण गाडीचं वजन पेलताना दर फेऱ्याला ती बगलच वाकत असते. रिम वाकला तर कडेची पकड जाते आणि पंक्चर नसतानाही हवा उतरत राहते. लोखंडी रिम ठोकून सरळ करता येतो. अलॉयला तडा गेला तर तो बदलणं हाच खरा उपाय, वेल्डिंग करून देणारे भेटतात, पण त्या वेल्डिंगवर आपली माणसं बसवू नयेत.

आणि इथून मी माझ्या मूळ भांडणाकडे येतो.

जुलै २०२० मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मोटार वाहन नियमांत बदल केला. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला ट्यूबलेस टायर असतील, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा, म्हणजे टीपीएमएस असेल आणि पंक्चर काढायचं किट सोबत असेल, तर तिच्यात स्टेपनी ठेवायची गरज नाही. १ ऑक्टोबर २०२० पासून हे लागू झालं. जागा वाचेल आणि इलेक्ट्रिक गाड्यांत मोठी बॅटरी बसवता येईल, असं कारण तेव्हा दिलं गेलं. कारण खोटं नाही. वजन कमी होतं, डिकी मोठी होते, आणि ज्यांचं सगळं चालवणं शहरातल्या दहा किलोमीटरमध्ये आहे त्यांची स्टेपनी गाडी विकेपर्यंत जमिनीला टेकतही नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. या नियमाने टीपीएमएस आणि स्टेपनी यांना एकमेकांच्या जागी बसवलं. एक असेल तर दुसरं नको. प्रत्यक्षात दोघांची कामं निरनिराळी आहेत. टीपीएमएस घात होण्याआधी सांगतं, स्टेपनी घात झाल्यावर घरी पोचवते. जिना उतरायला दिवा आहे म्हणून कठडा कुणी काढून टाकत नाही. या अदलाबदलीमुळे आज रस्त्यावर दोन तऱ्हेच्या गाड्या आहेत. ज्यात स्टेपनी आहे अशा असंख्य गाड्यांत हवेचा दिवा, म्हणजे टीपीएमएस, नाही, माझी त्यातलीच. आणि ज्यात दिवा आहे अशा काही गाड्यांत स्टेपनी नाही.

या दुसऱ्या तऱ्हेच्या गाडीत बसून मी एकदा चिपळूणहून कराडला येत होतो. गाडी मित्राची, चार महिन्यांची नवी. जुलैचा पाऊस, कुंभार्ली घाट, संध्याकाळचे साडेसहा. पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पुढचं डावं चाक आपटलं आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. यंत्रणेने आपलं काम चोख केलं होतं. उतरून बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर बगलेला चार बोटं लांब चीर. किट उघडलं. त्यात सीलंटची बाटली, छोटा कॉम्प्रेसर आणि सूचनांचा कागद. त्या कागदावरच लिहिलेलं की हे फक्त नक्षीच्या भागातल्या लहान छिद्रासाठी आहे, बगलेला उपयोग नाही. मोबाइलला रेंज नाही. मित्राची बायको सहा महिन्यांची गरोदर, ती गाडीत बसून. मी छत्री घेऊन वरच्या वळणापर्यंत चालत गेलो, तिथे रेंजची एक काडी मिळाली, कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लागला. गाडी यायला साडेचार तास लागले. एका टेम्पोवाल्याने थांबून टोचन करून नेतो म्हटलं, पण फाटक्या पुढच्या चाकावर घाट उतरणं म्हणजे रिमही घालवणं आणि जिवाशीही खेळणं. स्टेपनी असती तर वीस मिनिटांचं काम होतं.

कागदावर त्या गाडीचं सगळं नियमात होतं. ट्यूबलेस होते, दिवा होता, किट होतं. फक्त आमचे खड्डे नियमात धरलेले नव्हते. खिळ्याचं पंक्चर हा एकच प्रकार डोळ्यांसमोर ठेवून स्टेपनी काढली गेली. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात राहणाऱ्या माणसाला विचारा, टायर कशाने जातो. तो खिळ्याच्या आधी खड्ड्याचं नाव घेईल.

दुसरीकडे, स्टेपनी आहे पण दिवा नाही अशा गाड्यांचं काय? हा प्रश्न मला जास्त टोचतो, कारण तिथे माणूस मरू शकतो. अमेरिकेत टायर फुटून झालेल्या मोठ्या अपघातमालिकेनंतर २००० साली कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून प्रत्येक नव्या हलक्या गाडीत टीपीएमएस सक्तीचं झालं. हवा ठरलेल्या दाबापेक्षा पाव हिश्शाने उतरली की तिथे दिवा लागलाच पाहिजे. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून नव्या मोटारींना ही सक्ती आहे. माझ्या गाडीला ही मोजपट्टी लावली तर ३३ वरून हवा २५ च्या खाली येताच दिवा लागला असता. मी १९ पर्यंत गेलो. तो दिवा असता तर कराडच्या दुसऱ्या फेरीला आई-मुलांना घेऊन मी निघालोच नसतो.

आपल्याकडे ही यंत्रणा वरच्या मॉडेलमध्ये मिळते, सनरूफच्या शेजारी, हौसेची वस्तू म्हणून. त्याच गाडीचं खालचं मॉडेल घेणाऱ्याला ती नाही. खालचं मॉडेल घेणारा माणूस त्याच रस्त्यावरून, त्याच वेगाने, बहुधा जास्त माणसं आणि जास्त सामान घेऊन जाणार आहे. समृद्धी महामार्गाने हा प्रश्न आणखी धारदार केला आहे. ७०१ किलोमीटरचा सरळ रस्ता, मोटारींना ताशी १२० ची मुभा. विदर्भातलं उन्हाळ्याचं ऊन, त्यात सलग तासन्‌तास वेग. गावातल्या रस्त्यावर चाळीसच्या वेगाने खपून जाणारी कमी हवा तिथे खपत नाही. टायर तापतो, बगल मऊ होते आणि मग तो फुटतो. ट्यूबलेस आहे म्हणून टायर फुटत नाही, हा समज लोकांच्या डोक्यातून काढायला हवा. ट्यूबलेस खिळ्यापासून वाचवतो. उष्णतेपासून आणि आपल्या हलगर्जीपणापासून तो वाचवत नाही.

या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाचा २०२३ चा एक निकाल प्रत्येक गाडीवाल्याने वाचावा असा आहे. २०१० साली पुण्याहून मुंबईला जाणाऱ्या गाडीचा टायर फुटला आणि एका तरुणाचा जीव गेला. टायर फुटणं ही देवाची करणी आहे, म्हणून भरपाई लागू होत नाही, असं विमा कंपनीचं म्हणणं होतं. न्यायमूर्ती एस. जी. डिगे यांनी ते फेटाळलं. अतिवेग, कमी हवा, जास्त हवा, जुने वापरलेले टायर, तापमान अशी टायर फुटण्याची कारणं असतात, आणि निघण्यापूर्वी टायर तपासणं हे चालकाचं कर्तव्य आहे, असं न्यायालयाने म्हटलं. आपण किती सहज म्हणतो, 'टायर फुटला, काय करणार, नशीब.' न्यायालयाने नशिबाची ही आड काढून घेतली आहे. हे योग्यच झालं. फक्त माझी एक विनंती आहे. तपासण्याचं कर्तव्य चालकावर टाकायचं असेल तर तपासण्याची साधनंही त्याच्या आवाक्यात आणून द्या.

सर्वांत साधं साधन पेट्रोल पंपावर आहे. तिथे मोफत हवा मिळणं हा आपला हक्क आहे, सरकारी तेल कंपन्यांच्या नियमांतच तो लिहिलेला आहे. प्रत्यक्षात काय दिसतं? यंत्रावर पोतं टाकलेलं, किंवा यंत्र चालू पण हवा भरणारा मुलगा दुपारनंतर गायब, किंवा गेज असा की एकाच चाकाला दोनदा लावला तर दोन आकडे. तोल-मापाचे निरीक्षक पेट्रोलचं माप तपासतात. हवेच्या गेजचीही तपासणी तशीच नेमाने व्हावी आणि तिची तारीख यंत्रावर लावलेली असावी. पाच पीएसआयने चुकणारा गेज हे पाच मिलिलिटरने चुकणाऱ्या मापापेक्षा जास्त धोक्याचं आहे.

बाकी आपल्या हातातलं आहे ते फार नाही, पण आहे. हवा चाक थंड असताना पाहावी, पन्नास किलोमीटर पळवून आल्यावर आकडा फसवा येतो. माझ्या स्कूटरच्या मागच्या चाकाला एकट्यासाठी २९ आणि डबलसीटला ३६ लागतात, आणि पंपावर 'तीस मार' म्हणणारे दहा जण रोज भेटतात. नायट्रोजनच्या मागे फार लागू नये, साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो. बगलेवर कारखान्याच्या कोडच्या शेवटी चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. टायर विकत घेताना ते वाचावेत, वापरलेली गाडी घेताना तर नक्कीच. मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की तो कायद्यानेही बाद आहे. आणि लांबच्या प्रवासात पंक्चर निघालं तर बाहेरून पट्टी खुपसून पुढे निघावं खुशाल, पण घरी आल्यावर टायर उतरवून आतून पाहावा, ठिगळ आतून लावावं. आत काळी भुकटी आहे का, हे बाहेरून कळत नाही. पंक्चर काढताना स्वतः शेजारी बसावं, साबणाच्या पाण्याचे बुडबुडे स्वतः बघावेत. माझ्या एका टायरमध्ये एकाच खिळ्याची चार पंक्चरं निघाल्याचा अनुभव मी घेतलेला आहे. बाकीची तीन कुणाच्या सुईने पडली ते मला कळायला उशीर झाला.

सरकारकडे माझं मागणं तीन गोष्टींचं आहे. प्रत्येक नव्या मोटारीत, कुठलंही मॉडेल असो, हवेचा दिवा सक्तीचा करा. स्टेपनी नसलेली गाडी विकायची असेल तर कंपनीने स्टेपनीचा पर्याय दिलाच पाहिजे आणि बुकिंगच्या कागदावर 'या गाडीत स्टेपनी नाही' हे ठळक अक्षरांत, ग्राहकाच्या सहीसह लिहिलं पाहिजे. आणि ट्यूबवर चालणारी नवी दुचाकी विकणं टप्प्याटप्प्याने बंद करा. तिसऱ्या मागणीला किमतीची हरकत घेतली जाईल. घ्यावी, मग चर्चा करू. पण स्वस्तातली गाडी घेणाऱ्याचा जीव स्वस्त नाही, हे धरून ती चर्चा व्हावी.

बहिणीने या दसऱ्यासाठी गाडी बुक केली आहे. वडिलांच्या स्कूटरवर आईच्या मांडीवर होती, तीच ही. परवा तिच्याबरोबर शोरूमला गेलो होतो. डिकीचं पुठ्ठ्याचं झाकण उचललं तर चाकाच्या खळग्यात कॉम्प्रेसर आणि बाटली. विकणारा मुलगा म्हणाला, "काका, आता ट्यूबलेस आहे, स्टेपनी लागत नाही." मी त्याला कुंभार्ली घाट सांगितला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, आत जाऊन मॅनेजरशी बोलला आणि स्टेपनीची वेगळी किंमत काढून आणली. हवेचा दिवा त्या गाडीत होताच. स्टेपनीची पावती बहिणीने तिथेच फाडून घेतली.